चौथ्या गाण्याला बंद पडणारा अँप

ताईचा अँप सहाव्यांदा दुकानात आला तेव्हा मीटरने त्याच्याकडे नेहमीच्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं. या, बसा, पुन्हा काय झालं.

मीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. चोपन्न वर्षांच्या या गृहस्थाच्या मागच्या खिशात कायम एक मल्टिमीटर असायचा, म्हणून हे नाव. एकदा एका लग्नात नवरा-नवरीला भेटायच्या रांगेत उभं असताना त्याने शेजारच्या बोर्डाचं व्होल्टेज घेतलं होतं आणि ते कमी भरतंय असं मुलीच्या वडिलांना जाऊन सांगितलं होतं. वडिलांना आधी वाटलं, आहेराबद्दल बोलतोय.

अँपचं वजन चौतीस किलो. गिटारचा आवाज मोठा करायला इतकं लोखंड कशाला लागतं, हा प्रश्न तो उचलणाऱ्या प्रत्येकाला पडायचा आणि खाली ठेवल्यावर कुणाच्याही लक्षात राहायचा नाही. लाकडी पेटी, वर पट्ट्याचं हँडल, पुढे स्पीकर, पाठ उघडी. पेटीच्या वरच्या बाजूला आतून पत्र्याचा सांगाडा बसवलेला आणि त्यातून काचेचे सात व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसे दिव्यासारखे, खाली लोंबलेले, झाडाला वटवाघळं लोंबावीत तसे. पाच लहान, दोन मोठे. मोठे दोघे कष्टाचं काम करायचे आणि तापायचे. लहान पाच जण त्यांना काय करायचं ते सांगायचे. बहुतेक कचेऱ्यांत असते तशीच व्यवस्था.

आजार असा होता. ताईच्या सरावाच्या खोलीत किंवा एखाद्या हॉलमध्ये अँप छान सुरू व्हायचा. तीन गाणी व्हायची. चौथ्याला आधी खरखर, मग आवाज निम्मा, मग कुणीतरी घसा दाबल्यासारखी शांतता. तिथून तो दुकानात आणला की ठणठणीत. मीटर त्यावर त्याला येणारे तीन कॉर्ड तीन-तीन तास वाजवायचा, शेजारचा चष्मेवाला येऊन चौथा शिकून घ्या म्हणून विनवायचा, पण अँप हूं का चूं करायचा नाही.

"इथे चालतो," मीटर म्हणायचा.

हे दुरुस्तीच्या धंद्यातलं फार जुनं आणि फार सोयीचं वाक्य आहे. म्हणणाऱ्याला बिघाड शोधायला लागत नाही आणि ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटायला लागतं.

मीटरने काही केलं नव्हतं असं नाही. पहिल्या खेपेला त्याने कंडेन्सर बदलले. दुसऱ्या खेपेला गिटारची वायर खोचायचं सॉकेट. तिसऱ्यांदा आतले सगळे जोड पुन्हा सोल्डर केले. चौथ्यांदा मेन वायर आणि प्लग. पाचव्यांदा बदलण्यासारखं अँपमध्ये काही उरलं नव्हतं म्हणून त्याने ताईच्या खोलीतल्या विजेत दोष आहे असं जाहीर केलं. दर वेळी अँप दुकानात चालला आणि दर वेळी मीटरने त्याचं श्रेय जे बदललं त्याला दिलं.

त्याची पद्धत ठरलेली होती. व्हॉल्व्हचा अँप आला की आधी तो टेबलावरच्या फोमवर उलटा करायचा, म्हणजे लोंबणारे व्हॉल्व्ह वर येतात आणि कंबर वाकवावी लागत नाही. अँपला शीर्षासन घातलं की मग एकेक व्हॉल्व्ह अंगठ्याने दाबून बघायचा, आणि त्यानंतरच बटण. दाबण्यातून त्याला काही कळायचं असं नाही. पण त्याचे गुरू तसं करायचे आणि गिऱ्हाइकांनाही बरं वाटायचं. आपल्या वस्तूला कुणीतरी मायेने हात लावला असं वाटायचं.

आणखी एक पद्धत होती. काढलेला कुठलाही भाग तो फेकायचा नाही. कागदाच्या तुकड्यात गुंडाळून, वर गिऱ्हाइकाचं नाव आणि शेरा सुवाच्य अक्षरात लिहून, काचेच्या मोठ्या बरणीत टाकायचा. आपल्या दुकानातून काही हरवत नाही, असं तो अभिमानाने सांगायचा. काही सापडतही नाही, असं त्याची बायको त्याला जोडून सांगायची.

तर सहाव्या खेपेला ताई अँपबरोबर स्वतः आली. मीटरची सख्खी बहीण, एकसष्ट वर्षांची, त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेली. सरळ रेघ आणि सरळ बोलणं दोन्ही तिला पट्टीशिवाय जमायचं.

मीटरने अँप उलटा केला, सातही व्हॉल्व्ह दाबले, बटण टाकलं, तीन कॉर्ड वाजवले.

"इथे..." तो म्हणाला.

"चालतो," ताई म्हणाली. "माहीत आहे. ते ऐकायला मी आलेले नाही. रविवारी अकरा वाजता एक जण हा बघायला येतोय. आवडला तर घेऊन जाईल."

"बघायला म्हणजे?"

"म्हणजे विकायला काढलाय. आणि गिटारही देणार आहे त्याच्याबरोबर. शनिवारी संध्याकाळी रंगाच्या कारखान्याचा वार्षिक कार्यक्रम आहे, तो शेवटचा."

"अगं, पण गिटार कशाला? गिटारला काय झालंय?"

"गिटारला काही नाही. अँपलाही काही नाही, तू सहा वेळा सांगितलंस. मग राहिलं कोण?" ताईने आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले, तिसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे. "मी कानही तपासून आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम. वयाच्या मानाने म्हटलं की मला कळतं. बोटंच दाबत नसतील नीट. चौथ्या गाण्यापर्यंत दमत असेन. बाकीचे वाजवणारे तोंडावर बोलत नाहीत इतकंच."

"असं होत नाही ताई. बोटांनी अँप बंद पडत नाही."

"मग कशाने पडतो?"

मीटरने खिशातला मीटर काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला.

"शनिवारपर्यंत वेळ आहे तुला," ताई म्हणाली. "लहानपणी माझं घड्याळ उघडलं होतंस, ते अजून लागायचंय, त्याची आठवण ठेव."

दुपारी जेवताना त्याने हे बायकोला सांगितलं. ती एका शाळेत मुख्याध्यापिका होती आणि कुणाच्याही तक्रारीत तिला दोन्ही बाजू आधीपासून माहीत असायच्या.

"तुमच्याकडे तो माहेरी आल्यासारखा वागतो," ती म्हणाली. "माहेरी कुणीही हसतंच. काय खुपतंय ते बघायचं तर सासरी जाऊन बसावं लागतं."

"मी गेलोय की तिच्याकडे."

"चहाला गेलाय. चौथ्या गाण्यापर्यंत थांबलाय कधी?"

नव्हता थांबला. तीस वर्षांत एकदाही नाही. ताईचं संगीत त्याला आवडायचं नाही असं नाही, पण अँप सुरू झाला की त्याच्या दृष्टीने कार्यक्रम संपलेला असायचा.

गुरुवारी तो अँप घेऊन सासरी गेला.

सराव चालायचा एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत. अठरा पायऱ्या, मध्ये एक वळण, कठडा एकाच बाजूला. दवाखाना ज्याचा तो दातवाला ड्रम वाजवायचा. दिवसभर लोकांना जबडा सैल सोडा, सैल सोडा म्हणून सांगून त्याच्या स्वतःच्या अंगात जे साठायचं ते तो संध्याकाळी ड्रमवर काढायचा. खोलीत त्याची जुनी, रेक्झिन फाटलेली, मागे कलंडणारी खुर्ची होती. तिच्यात बसून बेस वाजवणारा एक उंच माणूस होता. तो फारसं बोलायचा नाही आणि वीस वर्षांत त्यामुळे कुणाचं अडलं नव्हतं.

"या मीटरराव," दातवाला म्हणाला. "घरी येऊन तपासता का आता? चौथं गाणं आम्ही काढून टाकलंय बरं का. पनवती होतं. तिसऱ्यावरून थेट पाचवं घेतो."

"मग?"

"मग पाचव्याला बंद पडतो."

"म्हणजे चौथ्यालाच," मीटर म्हणाला.

दातवाल्याने यावर थोडा विचार केला. "हो, तसं बघायला गेलं तर."

मीटरने वही काढली. बोर्डाचं व्होल्टेज घेतलं. उत्तम होतं, म्हणजे पाचव्या खेपेचं निदान तिथेच गेलं. खोलीतला लहान फ्रिज बंद करायला लावला. ताईला सांगितलं, आज लांबलचक गाणी आधी घे. ती म्हणाली, कशाला? तो म्हणाला, त्याला गाणी मोजता येतात की मिनिटं, ते बघायचंय.

अँप नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून. मीटर त्याच्या शेजारी दातवाल्याच्या फिरत्या स्टुलावर घड्याळ घेऊन बसला. तीस वर्षांत प्रथमच तो बहिणीचं वाजवणं सलग ऐकत होता. ती डोळे मिटून वाजवायची, नकाशावर नदी काढावी तसं, न उचलता. बोटं दमत वगैरे काही नव्हती. पण आज ती प्रत्येक सुराआधी क्षणभर थांबत होती, जिन्याची पायरी चाचपावी तशी. हे आधी होतं की गेल्या वर्षात आलं, हे त्याला ठरवता येईना, कारण आधीचं त्याने ऐकलंच नव्हतं.

बाविसाव्या मिनिटाला खरखर आली. गाणं तिसरंच होतं. मग आवाज निम्मा झाला आणि मग गेला. ताईने हात तारांवरून काढून मांडीवर ठेवले आणि कुणाकडेच बघितलं नाही.

"मिनिटं," मीटरने वहीत लिहिलं. त्याला आनंद झाला होता आणि तो लपवायचं त्याला सुचलं नाही.

"पडला ना? चला, दुकानात न्या," दातवाला उठला. ताईने सवयीने हँडलला हात घातला.

"हात लावू नको," मीटर म्हणाला. "कुणीच लावू नका. हलवू नका त्याला."

सगळे थांबले. बेसवाला तर आधीपासूनच थांबलेला होता.

"हा इथे आजारी पडतो आणि माझ्याकडे बरा असतो," मीटर सावकाश म्हणाला. तो विचार करताना मोठ्याने बोलायचा; दुकानात ऐकायला कुणी नसायचं, त्यातून लागलेली सवय. "सहा वेळा झालं हे. म्हणजे इथून तिथे जाईपर्यंत कुणीतरी त्याला बरं करतंय. कोण करतंय? इथून उचलला. जिना उतरला. गाडीत पाठीवर आडवा टाकला. दुकानात आला. मी टेबलावर उलटा केला. मग मी..."

बोलता बोलता त्याचे हात हवेत तीच कामं करत होते. उचललं, उतरवलं, आडवं केलं, उलटं केलं. मग उजवा अंगठा आपण होऊन पुढे आला आणि हवेत एकेका जागी दाबत गेला. एक, दोन, तीन, चार.

"हे काय करता?" दातवाल्याने विचारलं.

"दाबून बघतो."

"काय?"

"व्हॉल्व्ह," मीटर म्हणाला. आणि अंगठा तसाच हवेत राहिला.



"बटण टाकायच्या आधी की नंतर?" दातवाल्याने विचारलं. त्याच्या आवाजात आता धंद्यातली आस्था होती.

"आधी."

"म्हणजे पेशंट आला की आधी दात घट्ट बसवायचा आणि मग विचारायचं, हलणारा कुठला?"

मीटर तोवर गुडघ्यांवर आला होता. तो भिंत आणि अँप यांच्यातल्या फटीत डोकं घालायचा प्रयत्न करत होता. फट चार बोटांची, डोकं त्याहून मोठं. दातवाला खाली जाऊन लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन आला, आणि त्या आरशात मीटरला अँपचा आतला भाग प्रथमच सुलटा दिसला. म्हणजे तो कायम असाच असायचा. त्यानेच कधी तसा बघितला नव्हता.

लहान पाच व्हॉल्व्ह आपापल्या जागी मिणमिणत होते. मोठ्या दोघांतला एक लालसर तापलेला. दुसऱ्यातला दिवा विझलेला, आणि तो शेजाऱ्यापेक्षा तांदळाच्या दाण्याइतका खाली उतरलेला, किंचित कललेला. माणूस बसल्या बसल्या पेंगावा तसा.

"हलतोय," आरसा धरणारा दातवाला म्हणाला. "उघड आहे. तापला की सैल होतो, बेसच्या दणक्याने घसरतो, खाली तर लोंबतोच आहे. तुमच्याकडे उलटा असतो म्हणून वजनानेच आत बसून राहतो. मी असतो तर एवढ्यात तार बांधली असती."

मीटरने कोरडा टॉवेल चार घड्या करून घेतला, हात आत घातला आणि व्हॉल्व्ह हळूच वर दाबला. दहा-बारा सेकंद काही झालं नाही. मग दिव्यात लाली आली, आणि ताईच्या गिटारची नुसता हात लागलेली एक तार अख्ख्या खोलीभर घुमली.

"आला," बेसवाला म्हणाला.

ताई मात्र अँपकडे बघत नव्हती. ती आपल्या डाव्या हाताच्या बोटांकडे बघत होती, बराच काळ उसनी दिलेली वस्तू परत आल्यावर बघावं तसं.

"म्हणजे माझे हात नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"पण सगळ्या अँपमध्ये हे लोंबतच असतात ना? मग ते पडत नाहीत ते कशाने?"

ताईचे प्रश्न कायम हद्दीच्या दगडावर येऊन थांबायचे. मीटरने पुन्हा आरशात बघितलं. प्रत्येक मोठ्या व्हॉल्व्हच्या सॉकेटशेजारी पत्र्यावर दोन-दोन रिकामी भोकं होती आणि भोकांभोवती, बाकी सगळीकडे धूळ आणि काजळी असताना, पट्टीच्या आकाराचा स्वच्छ चकचकीत डाग. भिंतीवरून फोटो काढल्यावर उरतो तसा.

"त्यांना धरून ठेवायला स्प्रिंगा असतात," तो म्हणाला. "इथे होत्या. कुणीतरी काढल्यात."

"कुणी?"

"बघतो," मीटर म्हणाला.

त्याला तेव्हा खरंच आठवत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्याने दुकान उघडून आधी बरणी टेबलावर पालथी केली. कागदात गुंडाळलेलं तीन वर्षांचं जग बाहेर आलं. चष्मेवाल्याच्या रेडिओचं बटण. कुठल्याशा वकिलाच्या टेपचा पट्टा. आणि एका पुडीत दोन स्प्रिंगा, दोन पट्ट्या, चार स्क्रू. पुडीवर सुवाच्य, वळणदार अक्षर: 'ताईचा अँप. नवे व्हॉल्व्ह उंच, स्प्रिंग पुरत नाही. नंतर लावणे.' खाली तारीख. तीन वर्षांपूर्वीची.

आता आठवलं. त्या पहिल्या खेपेच्याही आधी ताईने नवे मोठे व्हॉल्व्ह बसवायला अँप आणला होता. नवे जुन्यांपेक्षा बोटभर उंच निघाले. आणि अँप टेबलावर शीर्षासनात असल्यामुळे व्हॉल्व्ह ऐटीत उभे होते. त्यांना धरून कशाला ठेवायचं, असा प्रश्न त्याच्या कंबरेला पडला होता. दुरुस्तीच्या त्या भेटीची त्याने गणतीच केली नव्हती, कारण तेव्हा काही बिघडलेलं नव्हतं. दोन वर्षं सॉकेटच्या कोऱ्या पकडीवर निभावलं. मग पकड सैल झाली, आणि गेलं वर्षभर एक शहाणी बाई आपल्या हातांवर संशय घेत होती.

पुडी त्याने बराच वेळ हातात धरली. बिघाड सापडला होता, इलाज सोपा होता, आणि कारखान्यातूनच स्प्रिंगा आल्या नव्हत्या असं म्हटलं असतं तर जगात कुणी त्याला खोटं पाडू शकलं नसतं. फक्त त्याचं अक्षर सोडून.

रात्रीच दुकानात आणून ठेवलेल्या अँपच्या सॉकेटच्या पकडी त्याने बारीक चिमट्याने आवळल्या. स्प्रिंगा जरा जास्त लांबीच्या घेऊन जुन्या पट्ट्यांवर चढवल्या. मग आयुष्यात प्रथमच व्हॉल्व्हचा अँप सुलटा ठेवून, जमिनीवर मांडी घालून, तीन तास वाजवला. संध्याकाळी उठताना चष्मेवाल्याची मदत घ्यावी लागली. चष्मेवाला म्हणाला, चौथा कॉर्ड आजही नाही का.

शनिवारी रंगाच्या कारखान्याच्या हॉलमध्ये, पडद्यामागे, ताई गिटार लावत होती. मीटरने अँप जागेवर ठेवला. नंतर सांगायचं असं त्याने ठरवलं होतं. सगळं नीट पार पडलं की, हसत हसत. पण 'नंतर' हा शब्द त्याला गेल्या दोन दिवसांत जरा जास्तच ओळखीचा झाला होता. आणि ती प्रत्येक सुराआधी थांबत वाजवणार असेल, तर ते तिने आत्ताच थांबवायला हवं होतं.

त्याने तो कागद तिच्या हातात दिला.

ताईने चष्मा लावून वाचला. नकाशा वाचायची तशी, आधी खालची तारीख, मग वरचं.

"अक्षर तुझंच," ती म्हणाली.

"हो."

"छान आहे. लहानपणी मीच गिरवून घेतलं होतं." तिने कागदाची घडी केली. "कान तपासून आले मी."

"माहीत आहे."

"वयाच्या मानाने उत्तम, म्हणाले डॉक्टर." ती थांबली. "तू कारखान्यावर ढकलू शकला असतास."

"मनात आलं होतं."

"येणारच. तुला मी ओळखते." तिने घडी गिटारच्या वरच्या टोकाला, तारांखाली खोचली आणि तिकडे पडदा सरकायला लागला, म्हणून बोलणं तिथेच राहिलं.

मीटर अँपमागे स्टुलावर बसला. तिसरं गाणं झालं. दातवाल्याने सवयीने पाचव्याच्या काठ्या उचलल्या, तर ताई मान हलवून म्हणाली, "चौथं." बेसवाल्याने भुवई वर केली, हे त्याच्या मानाने भाषण होतं. बाविसावं मिनिट आलं, तेविसावं आलं. मोठे दोघे शेजारी शेजारी लालबुंद होऊन काम करत राहिले. ताई डोळे मिटून वाजवत होती आणि मधे कुठेही थांबत नव्हती. मीटरने एकदा अंगठा पुढे केला होता, तो त्याने स्वतःच मागे घेतला.

रविवारी अकरा वाजता अँप बघायला आलेल्या माणसाला ताईने सगळी गाणी ऐकवली, पाणी दिलं आणि विकायचा नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग बोलावलंत कशाला? ती म्हणाली, तुम्ही ऐकायला छान बसता.

मीटरला तिने शिक्षा म्हणून काही सुनावलं नाही. फक्त पुढच्या गुरुवारी तिचा निरोप आला की अँप वर न्यायचाय, आणि यापुढे दर गुरुवारी न्यायचाय, आणि न्यायला तूच.

अठरा पायऱ्यांतल्या अकराव्या पायरीवर, वळणाशी, चौतीस किलो पोटाशी धरून मीटर दम खायला थांबला आणि पेटी जरा आडवी करून मांडीवर टेकवायला गेला.

"उभा धर," वरून ताई म्हणाली. "त्याला उभंच राहायचंय."